बिडी विझते, मग शिगरेट का विझत नाही? कागदाला काय काय लावून पाहिलं

प्रयोगवही, सोमवार रात्री ९.४०

दारव्हा तालुक्यात गाव. दिवाळीनंतर आमची पुढची खोली कापसाची असते. खाट, टीव्ही सगळं मागे, पुढे आढ्याला टेकेल इतका कापूस. भाव चढेल या आशेवर तो संक्रांतीपर्यंत तिथेच राहतो. यंदा नागपूरचे काका आले, खिडकीच्या कठड्यावर जळती सिगारेट ठेवून चहाला आत गेले आणि तिथेच गप्पांना बसले. आईला वास आला तेव्हा सिगारेट घरंगळून खाली पडली होती. वरून फक्त रुपयाएवढा काळा डाग, पण हात घातला तर आत हातभर निखारा. कापूस असाच जळतो, ज्वाळेशिवाय, आतल्या आत. ओली पोती दाबून निभावलं. अर्धा क्विंटल गेला.

आता गंमत अशी की आजोबांनी त्याच खोलीत, त्याच कापसाशेजारी बसून उभा जन्म बिडी ओढली. त्यांची बिडी बोलता बोलता हातातच विझायची. एका बिडीला तीन काड्या लागायच्या म्हणून आजी कुरकुर करायची.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. सुट्टीत हा किडा डोक्यात शिरला. तंबाखू दोन्हीकडे आहे, फरक वेष्टनाचा. सिगारेटचा कागद साधा नसतो एवढं वाचून माहीत होतं. वहीचा कागद चौरस मीटरला ५४ ते ६० ग्रॅम, हा साधारण २५. त्यात चुनखडीची (कॅल्शियम कार्बोनेट) बारीक पूड भरलेली असते आणि वर सोडियम किंवा पोटॅशियम सायट्रेटचा हलका हात फिरवलेला असतो. हे सायट्रेट कागदाला धुमसत ठेवतं.

म्हणून यवतमाळच्या पानठेल्यावरून काहीही न लावलेला रोलिंग पेपर आणला. एकाच पाकिटातल्या सिगारेटी फोडून तंबाखू काढला, सोनाराच्या काट्यावर दर वेळी ०.६ ग्रॅम मोजला. कागद द्रावणात बुडवून दोरीवर सावलीत वाळवले. प्रत्येकाच्या पाच सुरळ्या. दोन खिळ्यांवर आडवी ठेवायची, चारी बाजूंनी पुठ्ठा, पेटवायची आणि ४० मिलिमीटर जळायला किती वेळ लागतो ते पाहायचं. तोंडाला एकही लावली नाही, हे आधीच सांगतो, कारण हा धागा बायकोही वाचते.

साधा कागद: पाचपैकी चार मध्येच विझल्या.
सायट्रेटचा कागद, १ टक्का द्रावण: पाचही शेवटपर्यंत जळल्या, साधारण ८ मिनिटं.
कंपनीची अख्खी सिगारेट: पाचही जळल्या, वेळ जवळपास तोच.

म्हणजे काकांच्या सिगारेटला विझू न देणारा हात कागदाचा होता. पुढे काय लावून पाहू? सुचवा.

उगाचच, सोमवार रात्री ९.५२

सर, अर्धा क्विंटल कापूस जळला आणि तुम्ही खिळ्यांवर सिगारेटी जाळताय. काकांना काही बोललात की नाही ते सांगा आधी.

प्रयोगवही, सोमवार रात्री १०.०५

काका बाबांपेक्षा मोठे आहेत. आमच्याकडे बोलत नाहीत, प्रयोग करतात.

संत्रीवाला वरूड, सोमवार रात्री १०.३०

सर, सायट्रेट आणलं कुठून? आमच्याकडं तं लघवीच्या जळजळीच्या औषधात असते म्हणते मेडिकलवाला.

दुसरं म्हंजे तुम्ही कृषी केंद्रात जा ना. ठिबकातून सोडाची विद्राव्य खतं आहेत, १३:०:४५ म्हंजे पोटॅशियम नायट्रेट, १२:६१:० म्हंजे मोनो अमोनियम फॉस्फेट. आंबिया बहाराले आम्ही पोत्यानं टाकतो. साखरेसारखं विरघळते, खाली गाळ राहत नाई. तुमच्या कागदाले यापेक्षा स्वच्छ काय भेटन?

प्रयोगवही, सोमवार रात्री ११.१०

भाऊ, आधी ते लघवीचं औषधच आणलं होतं! पण त्यात साखर असते, कागद चिकट झाला आणि जळताना करपलेल्या जिलबीचा वास. शेवटी घरीच केलं. किराणा दुकानातलं लिंबाचं फूल १० ग्रॅम, खाण्याचा सोडा १२ ग्रॅम, पाण्यात थोडं थोडं टाकत फसफस थांबेपर्यंत. ते सोडियम सायट्रेटच. खतांची कल्पना फारच भारी, उद्या जातो.

पानठेला ६४, मंगळवार सकाळी ७.१५

शिगरेटीच्या कागदाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पावसाळ्यात, खास करून पोळ्याच्या आसपास, उघड्या पाकिटातल्या शिगरेटीच्या कागदावर पिवळे-तपकिरी ठिपके पडते. गिऱ्हाईक म्हणते माल जुना दिला. माल जुना नसते, ओल धरते. तंबाखूत पाणी शिरलं का त्याचा रस कागदातून वर येते, जसं पिशवीतल्या चिवड्याचं तेल रद्दीवर येते तसं. मी आता पाकिटं पत्र्याच्या डब्यात ठेवतो, खाली तांदळाची पुरचुंडी.

कागदात हयात, मंगळवार सकाळी ११.४०

बल्लारपूरच्या बाजूला कागदाच्या धंद्यात आयुष्य गेलं. सिगारेटचा कागद आम्ही कधी केला नाही, आमचा कच्चा माल बांबू. सिगारेटचा कागद जवस (अळशी), ताग किंवा लाकडाच्या लांब तंतूंचा होतो, कारण इतका पातळ पत्रा यंत्रावर फाटता कामा नये. तरी दोन गोष्टी सांगतो.

एक, तुम्ही फक्त क्षाराकडे पाहताय. कागदातून हवा किती जाते हे तितकंच महत्त्वाचं. ती मोजायला या धंद्यात कोरेस्टा नावाचं एकक आहे: १ किलोपास्कल दाबाला, एक चौरस सेंटिमीटर कागदातून, मिनिटाला किती घन सेंटिमीटर हवा गेली. चुनखडीचे कण तंतूंमध्ये फटी ठेवतात आणि त्यातून निखाऱ्याला हवा मिळते. बिडीच्या पानातून हवा जवळजवळ जातच नाही. दोन झुरक्यांच्या मधे बिडीला हवा फक्त तोंडाकडून आणि शेंड्याकडून. म्हणून विझते.

दोन, द्रावण १ टक्का म्हणून कागदात १ टक्का गेलं असं नाही. ओला कागद तोला. कागद स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरत असेल तरच तुमचा हिशेब बरोबर.

प्रयोगवही, मंगळवार दुपारी ३.२०

काका (हे तुम्हाला, आमचे काका वेगळे), तोलला. निथळून घेतल्यावर कागदाच्या वजनाच्या सव्वापट पाणी. म्हणजे सव्वा टक्का सायट्रेट. चुकीत नशीब बरं निघालं.

पान हवा सोडत नाही हे डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळं श्रेय सायट्रेटला देत होतो.

संत्रीवाला वरूड, मंगळवार दुपारी ३.२५

खतं आणली का?

प्रयोगवही, मंगळवार रात्री ९.१५

आणली. दुकानदारानं विचारलं, किती एकर? मी म्हटलं, पंधरा कागद.

१३:०:४५ (नायट्रेट): पेटवल्याबरोबर कागद तडतडत पुढे पळाला आणि तंबाखू मागे राहिला. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन देतं, त्यामुळे कागदाला हवेची वाट पाहावी लागत नाही. फटाक्याच्या वातीचा वास. ४० मिलिमीटर तीन मिनिटांच्या आत, पण उघडा पडलेला तंबाखू अर्धा कच्चा. हे पुन्हा केलं नाही.

१२:६१:० (फॉस्फेट): पाचही सेंटिमीटरभर जळून विझल्या. कागदाची कड काळी, कडक, कोळशाच्या पापुद्र्यासारखी. कारण सुंदर आहे. तापल्यावर फॉस्फेटचं आम्ल होतं, ते कागदातलं पाणी ओढून त्याचा कोळसा करतं, जळणारा वायू कमी सुटतो आणि कोळशाचं धुमसणंही रोखलं जातं. शाळा-बँकेत लाल नळकांडं टांगलेलं असतं ना, कोरड्या पुडीचं, लाकूड-कागदाच्या आगीसाठी चालणारं? त्यात मुख्य पूड हीच. संत्र्याला जे सोडता तेच.

चुन्याची निवळी: राख थोडी पांढरी व्हावी म्हणून. काहीच फरक नाही. लाजिरवाणा प्रयोग.

मग शाळेतला खडू उगाळून लावला. राख पांढरी, पण पोपडे होऊन गळत होती.

कागदात हयात, मंगळवार रात्री १०.००

निवळीत चुना असतो किती? लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. आणि कारखान्यातल्या कागदात चुनखडी वजनाच्या २५-३० टक्के. मुंगीनं हत्ती ओढण्यासारखं आहे ते. शिवाय ती लगद्यातच मिसळतात, वरून चोपडत नाहीत.

आणि मास्तर, शाळेचा खडू हा बहुतेक वेळा खडू नसतोच. ते जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. विद्यार्थ्यांना सांगत जा.

प्रयोगवही, मंगळवार रात्री १०.०४

पंधरा वर्षं हातात धरून ते फळ्यावर 'कॅल्शियम कार्बोनेट' लिहितोय. असो.

उगाचच, मंगळवार रात्री १०.१०

धागा वसूल.

आरोग्य केंद्रवाली, बुधवार दुपारी १.३०

मी आर्मोरीकडे डॉक्टर आहे. कागदाचं वाचायला मजा येते आहे, पण शीर्षकाच्या पुढे जाऊन कुणीतरी डागाचं पण पाहा. ओपीडीत रोज ऐकते, 'मॅडम, मी ती कमी धुराची ओढतो, बोटंसुद्धा पिवळी होत नाहीत.' बोटावरचा डाग निकोटिनचा म्हणतात. शुद्ध निकोटिनला रंग नसतो, हवेत राहिलं की तपकिरी होतं. बोटं मुख्यतः डांबराने (टार, धुरातला चिकट भाग) रंगतात. आमच्या भागात मात्र जास्त काम खर्ऱ्याचं. सुपारी, तंबाखू, चुना घोटला की चुन्यानं निकोटिन मोकळं होतं आणि गालातून भराभर शिरतं. आंबट असलं की निकोटिन बांधलं जातं, अल्कली असलं की सुटतं. सिगारेटलाही हे लागू आहे.

प्रयोगवही, गुरुवार रात्री १०.५०

मॅडम, दोन दिवस डागांवरच होतो. हे लांब आहे.

सिगारेट ओढणारं यंत्र प्रयोगशाळेत ठरलेल्या पद्धतीनं ओढतं: ३५ मिलिलिटरचा झुरका, २ सेकंद, दर ६० सेकंदांनी. धूर ४४ मिलिमीटरच्या काचतंतूच्या चकतीवर अडवतात. मी जनावरांच्या दवाखान्यातून ५० मिलिलिटरची सिरिंज आणली, पुढे नळी, नळीत कापसाचा बोळा. आधी घरचाच कापूस घातला. धूर नीट बसेना. मग लक्षात आलं, सरकी काढलेल्या कच्च्या कापसावर मेण असतं. मेडिकलचा कापूस धुतलेला असतो. तो घातल्यावर डाग समसमान. झुरक्याला सासूबाईंनी हाताच्या घड्याळावर सेकंद मोजले.

कंपनीची सिगारेट आठ झुरक्यांत संपली. साध्या कागदाची अकरा झुरके चालली, विझू नये म्हणून एकदा काडी लावावी लागली. मग सायट्रेट तिप्पट केलं, ३ टक्के द्रावण. सहा झुरक्यांत संपली.

बोळे ओळीनं ठेवले. साध्या कागदाचा सगळ्यांत गडद, ३ टक्केवाल्याचा सगळ्यांत फिका. तंबाखू तिन्हीत ०.६ ग्रॅम. माझा पहिला आनंद असा की वा, सायट्रेटनं डाग अर्धा केला! रात्री झोपताना वाटलं, तंबाखू तेवढाच जळला तर उरलेला धूर गेला कुठे?

सकाळी बाथरूमच्या उरलेल्या दोन पांढऱ्या टाईल घेतल्या आणि जळणाऱ्या सुरळीवर वीतभर उंच उलट्या टांगल्या. दोघींखाली पाच-पाच सुरळ्या जाळल्या. ३ टक्केवालीवरची टाईल स्पष्ट तपकिरी, बोटानं पुसली तर चिकट. साध्या कागदाची फिकट. कागद दोन झुरक्यांच्या मधे आपणहून भराभर जळतो, झुरके कमी बसतात, बोळा स्वच्छ राहतो. जे बोळ्यात दिसत नाही ते खोलीत. यंत्रानं मोजलेलं डांबर 'कमी' येण्याच्या वाटांपैकी ही एक वाट आहे, हे मी आजवर कुठे असं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या पुढच्या खोलीच्या वाशांचा रंग आजोबांनी केला असं घरात म्हणतात. तो बहुधा नागपूरवाल्यांनी केला.

आणखी एक. बोळा आधी चुन्याच्या निवळीत भिजवून वाळवला तर तोच धूर जास्त गडद बसतो. लिंबाच्या फुलात भिजवला तर फिका. धूर तोच, झुरके तेवढेच.

आरोग्य केंद्रवाली, गुरुवार रात्री ११.२०

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. १९५३ साली आर. जे. रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपनीतल्या क्लॉड टीग या रसायनतज्ज्ञानं नेमकं हेच टिपणात मांडलं होतं: ओढताना फिल्टरचा रंग बदलेल अशी सोय केली, तर गाळण्यात फारसा फरक पडणार नाही, पण विक्रीला फायदा उघड आहे. ते कागद पुढे न्यायालयीन खटल्यांमुळे बाहेर आले. तुम्ही निवळीच्या बोळ्यानं घरबसल्या तेच केलंत.

पानठेला ६४, गुरुवार रात्री ११.३१

गिऱ्हाईक थोटूक उलटं करून पाहते ना, 'पाय किती घाण अडवली यानं'. रोज पाहतो.

संत्रीवाला वरूड, शुक्रवार सकाळी ८.००

सर, धूरच कमी दिसावा असं काही आहे का? आमच्या बुवांचा धूर साऱ्या घरात.

प्रयोगवही, शुक्रवार रात्री ९.३०

आहे, आणि तेही मेडिकलमध्येच. बद्धकोष्ठाचं पांढरं औषध, मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे पाण्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड. चुनखडीऐवजी किंवा तिच्याबरोबर ते कागदात भरून शेंड्याचा धूर कमी दिसणाऱ्या सिगारेटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकल्या गेल्या.

ब्रशनं एक हात दिला. वाळल्यावर कागद पापडासारखा. नुसत्यानं विझत होती म्हणून वरून सायट्रेट. काळा कार्डशीट मागे, बाजूनं बॅटरी. धूर खरंच कमी दिसतो, सासूबाईंनीही मान्य केलं. हायड्रॉक्साईड तापून पाणी सोडतं, मागे मॅग्नेशियम ऑक्साईडचा सच्छिद्र थर राहतो आणि धुराचे थेंब बहुधा तिथे अडकतात. पण वास? डोळे मिटून सांगा म्हटलं तर दोघांनाही दोन्ही सारख्याच लागल्या. डोळ्यांना दिसतो तो थेंबांचा ढग. कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, तो तसाच. तेव्हा बुवांना हे सुचवू नका भाऊ. घरात धूर आहे हे निदान दिसतं तरी आहे.

कापसाचं राहिलंच. कागदावर थोड्या थोड्या अंतरावर आडवे पट्टे मारतात, अल्जिनेट (समुद्री शेवाळाचा डिंक) किंवा स्टार्चचे, म्हणजे तिथे कागदाची हवा बंद. निखारा पट्ट्याशी आला आणि कुणी ओढत नसेल तर विझतो. न्यूयॉर्क राज्यात जून २००४ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०११ पासून हे सक्तीचं आहे. चाचणीत ४० सिगारेटी गाळण कागदाच्या दहा थरांवर ठेवतात, त्यांतल्या पावपेक्षा जास्त पूर्ण जळता कामा नयेत. म्हणजे काय, सिगारेटला थोडी बिडी केली.

भाताची पेज गाळून मी तीन पट्टे मारले. साध्या पुठ्ठ्यावर ठेवली तर पाचपैकी तीन पट्ट्याशी विझल्या. कापसावर ठेवायची हिंमत झाली नाही.

झाडीपट्टीची लेक, शनिवार दुपारी ४.१०

उशिरा वाचला धागा. सर, बिडीला सायट्रेट लावून पाहिलंत का? मी तिरोड्याकडची. माझी आई तीस वर्षं बिड्या वळायची, त्यातच आमची शिक्षणं झाली. तेंदूच्या हंगामात, उन्हाळ्यात, फडीवर ७० पानांचा पुडा बांधायचो आम्ही पोरं, ते वेगळं. वळायला घेतलेलं पान आधी भिजवतात, मग पत्र्याच्या फर्म्यानं कापतात. भिजवायच्या पाण्यात मी तुमचं सोडा-लिंबू टाकलं, रातभर ठेवलं.

पान मेणचट असतं, सहज पीत नाही. तरी वाळवून वळलेल्या दहांपैकी चार बिड्या धाग्यापर्यंत जळत गेल्या. साध्या दहांतली एकही नाही. बाकीच्या सहा आधी विझल्या. म्हणजे ते बल्लारपूरवाले काका बरोबर आहेत, हवेशिवाय सायट्रेट एकटं काय करणार.

आईला आनंदानं सांगितलं, बघ, न विझणारी बिडी. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, 'यडी झालीस का वं? रोवणीले जाताना माणूस अर्धी ओढते, विझवते, कानावर ठेवते, दुपारी उरलेली ओढते. तुही बिडी कानावर ठेवली तं टोपी जळन त्याची. घेईन कोन?'

प्रयोगवही, शनिवार दुपारी ४.४५

आजोबांच्या कानावर नेहमी एक असायची. आजी काड्यांचा हिशेब करायची, बिड्यांचा कुणीच केला नाही.